नवे सोवळे

आमच्या स्वयंपाकघरांतले जुने सोवळे आता जवळजवळ संपले. ओलेत्याने चुलीपाशी बसणाऱ्या आज्या गेल्या, दांडीवर काठीने वाळत घातलेली ती धाबळी गेली, 'शिवू नकोस' हा दरडावणीचा सूरही बहुतेक घरांतून गेला. गेला हे उत्तमच झाले. परंतु सोवळ्याची हौस माणसाच्या स्वभावातून जात नाही. ती एका जागेवरून उठते आणि दुसऱ्या जागी जाऊन बसते. हल्ली ती जिभेवर जाऊन बसली आहे. पूर्वी पदार्थाला कोणी शिवले हे पाहत. आता पदार्थाचे नाव कोणी कसे उच्चारले हे पाहतात. विटाळ मानण्याची तऱ्हा बदलली, विटाळ कायम आहे.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या उघडा, नाहीतर मोबाइलवरच्या चित्रफिती पाहा. 'हे पदार्थ तुम्ही आजवर चुकीचे उच्चारत होता' अशा मथळ्याखाली कोणी शहाणा किंवा शहाणी आपल्याला दटावीत असते. 'क्रॉइसंट' नव्हे, 'क्रोसाँ'. 'ब्रुशेटा' नव्हे, 'ब्रुस्केत्ता'. 'ग्नोची' नव्हे, 'न्योकी'. 'क्विनोआ' नव्हे, 'कीन्वा'. 'जलापेनो' नव्हे, 'हालापेन्यो'. पदार्थ कसा करतात, कशाशी खातात, त्याला चव कशी असते, याविषयी अवाक्षर नाही. तो खाण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी त्याचे नाव घेण्याची परीक्षा उतरली पाहिजे, एवढेच.

माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. फ्रेंच मला येत नाही, इटालियन येत नाही, आणि इंग्रजी येते तेही मुलांना शिकवण्यापुरते. तेव्हा 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. द्राक्षे आंबट की गोड हा माझा मुद्दाच नाही. मळ्याला हे कुंपण कोणी घातले आणि कशासाठी घातले, एवढेच मला विचारावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, शुद्ध म्हणजे कोणाचे शुद्ध? 'क्रोसाँ' म्हणणाऱ्या आपल्या गृहस्थांचा 'र' जरा तपासून पाहा. फ्रेंच माणसाचा 'र' घशातून घासून येतो. आपल्या गृहस्थांचा 'र' रामरक्षेतला असतो. म्हणजे शेवटचा 'त' गाळला, अनुनासिक काढले आणि 'र' मात्र देशीच राहिला. हे अर्धेच सोवळे झाले. आता खरे सांगावयाचे तर त्यांना फ्रेंच उच्चार नकोच असतो. फ्रेंच शब्द इंग्रजी बोलणारा वरच्या वर्गातला मनुष्य जसा उच्चारतो, तसा तो त्यांना हवा असतो. माल फ्रान्सचा, पण शिक्का लंडनचा.

आणि या लंडनकराची स्वतःची गोष्ट काय आहे? 'बिस्कीट' हा शब्द त्याने फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच मनुष्य त्याला 'बिस्क्वी' म्हणतो. इंग्रजाने शेवटचा 'ट' ठणकावून उच्चारला आणि कोणाची क्षमा मागितली नाही. माशाच्या बिनकाट्याच्या तुकड्याला अमेरिकन मनुष्य 'फिले' म्हणतो, इंग्रज 'फिलिट' म्हणतो. तेथेही 'ट' आहेच. 'टोमॅटो'ला एक 'टमाटो' म्हणतो, दुसरा 'टमेटो'. स्कोन नावाचा त्यांचा एक घरगुती पदार्थ आहे. त्याला 'स्कोन' म्हणावे की 'स्कॉन' यावर खुद्द इंग्लंडात आजही दोन पक्ष आहेत. चहाला ते आज 'टी' म्हणतात. पण अलेक्झांडर पोप या त्यांच्या थोर कवीने १७१४ साली त्याच शब्दाचे यमक 'ओबे'शी जुळवले, म्हणजे तेव्हा तो 'टे' होता. इटालियनमध्ये 'पानीनी' हे अनेकवचन आहे. एकच पाव हवा असेल तर 'पानीनो' म्हणावे लागेल. इंग्रज मात्र एकच 'पानीनी' मागतो, आणि प्रत्यक्ष पाणिनीच्या देशातले आपले लोक त्याची री ओढतात.

याहून मोठी गंमत 'पिझ्झा'ची आहे. त्या शब्दात इटालियन माणूस जो जोडाक्षरी ध्वनी काढतो तो 'झ' नव्हे. चाक, चूल, पाच या शब्दांतला जो आपला दातांजवळचा 'च', त्याचे द्वित्त म्हणजे तो ध्वनी. मराठी माणसाने तो शब्द 'पीच्चा' असा लिहून चुलीच्या 'च'ने वाचला तर नेपल्सच्या भट्टीवाल्याला तो बिनचूक ओळखता येईल. म्हणजे ज्या उच्चारासाठी आमची जीभ जन्मापासून तयार होती, तोच आम्ही इंग्रजी अक्षर पाहून टाकून दिला आणि 'पिझ्झा' लिहू लागलो. शुद्धतेच्या मागे लागणाऱ्यांनी आपल्या घरचा 'च' सोडून परक्याचा 'झ' उचलला, याला काय म्हणावे?

आता आपल्या एकादशीच्या ताटाकडे वळू. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची उपासाची भाजी, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस. याहून सोवळे ताट मराठी घरात दुसरे नाही. पण यातला बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे आणि आज ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही अमेरिकेचा. 'साबु' हा शब्द मलाया देशातल्या 'सागू'चा. 'बटाटा' तर फारच मजेशीर आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळे. ज्या पेरू देशाच्या डोंगरांतून खरा बटाटा आला, तेथल्या केचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. युरोपातल्या लोकांनी एकाचे नाव दुसऱ्याला चिकटवले, पोर्तुगिजांनी ते आमच्या किनाऱ्यावर आणले, आणि आम्ही ते बिनतक्रार घेतले. आमच्या शुद्धवाद्यांत धमक असेल तर त्यांनी उद्यापासून गाडीवर जाऊन 'दोन पापावडे द्या' असे म्हणून दाखवावे.

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवे घेतले. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून जी नावे उतरली त्यांची आमच्या बायाबापड्यांनी काय वाट लावली ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा अनुनासिक 'पाँव' आमच्याकडे 'पाव' झाला. तो भाजणारा 'पादेइरु' गोव्यात 'पोदेर' झाला. 'अनानाश'चा अननस, 'पपाया'ची पपई, 'कोव'ची कोबी. आणि 'आफोंसो' या पोर्तुगीज नावाचा झाला हापूस! त्या मूळ नावात 'ह' कोठेही नाही. तो आम्ही पदरचा घातला. 'हापूस' म्हणणाऱ्या रत्नागिरीच्या बागवानाला आजवर कोणी अडवून 'बाबा रे, आफोंसो म्हण' असे सांगितले आहे काय? उलट, इंग्रजीत 'अल्फान्सो' म्हणणाऱ्याला आंब्यातले काही कळत नाही, असेच आपण मनात म्हणतो. तोच पोर्तुगीज पाव जपानला गेला आणि तेथे 'पान' झाला. जपानी मनुष्य गेली कित्येक शतके तो शब्द अभिमानाने वापरतो आहे. लिस्बनमध्ये त्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

पूर्वेकडूनही असेच झाले. अरबांचा 'झलाबिया', इराण्यांचा 'झुलबिया' आमच्या पंगतीत 'जिलबी' होऊन बसला. 'संबोसा'चा समोसा झाला. बर्फी हा तर 'बर्फ' या फार्सी शब्दाचा नातू. पण आमच्या बर्फीत बर्फ नाही आणि असावा असे कोणाला वाटतही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या कोशात खाण्यापिण्याचा आणि उपभोगाच्या वस्तूंचा एक स्वतंत्र भोग्यवर्ग आहे. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली आणि 'महापौर', 'दिग्दर्शक' असे खणखणीत शब्द रूढ केले. कचेरीत आणि नाटकगृहात ते चालले. पण बदाम, पिस्ते, हलवा आणि बटाटा जागचे हलले नाहीत. परका शब्द हाकलणारा आणि परक्या शब्दाची नक्कल करणारा, या दोघांनाही आमच्या स्वयंपाकघराने दाद दिली नाही. त्याने आलेला शब्द पाटावर बसवला, त्याच्या हातावर पाणी घातले आणि त्याला आपल्यासारखे बोलायला लावले. भाषा श्रीमंत होते ती अशी.

कोणी म्हणेल, हे सगळे अडाण्यांच्या काळात झाले. आता आपल्याला कळू लागले आहे. ठीक. मग मला एका गोष्टीचे उत्तर द्या. गल्लीच्या तोंडाशी चिनी पदार्थांची गाडी असते. तिच्यावर तांबड्या अक्षरांत 'शेजवान' लिहिलेले असते. चीनमधल्या 'सिच्वान' प्रांताच्या नावाचे हे भरीत. आता डोशातही शेजवान असते आणि वड्यातही. या 'शेजवान'ला चुकीचे म्हणून नाक मुरडणारा मला अद्याप भेटलेला नाही. 'क्रोसाँ'साठी लेकरांचा कान पिळणारे गृहस्थ त्याच गाडीवर उभे राहून 'शेजवान नूडल्स, जरा तिखट' असे मोकळेपणी मागतात. असे का? मूळ उच्चाराविषयी खरोखर आदर असता तर तो चिनी शब्दाच्या वाट्यालाही आला असता. पण चिनी शब्द चुकला तर कोणाची प्रतिष्ठा जात नाही. जेथे चुकल्याने प्रतिष्ठा जाते तेथेच शुद्धता जागी होते. म्हणजे हा प्रश्न ध्वनिशास्त्राचा नाही. हा पंगतीचा प्रश्न आहे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर बसवायचे, याचा आहे.

उच्चारावरून माणूस ओळखून त्याला बाजूला काढण्याची ही युक्ती फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास रक्ताने भरलेला आहे. बायबलात शास्त्यांच्या पुस्तकात बाराव्या अध्यायात हकिगत आहे. यार्देन नदीच्या उतारावर पळून येणाऱ्या माणसाला 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस. ज्याला 'श' येत नसे तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि जागच्या जागी मारला जाई. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली असे तेथे लिहिले आहे. १२८२ साली सिसिली बेटावर फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला. तेथली परंपरा सांगते की, संशयित माणसापुढे हरभरे धरून 'हे काय?' असे विचारीत. सिसिलीत हरभऱ्याला 'चीचिरी' म्हणत. फ्रेंच जिभेला तो शब्द वळेना, आणि न वळणारी जीभ त्या माणसाचा जीव घेई. ज्यांच्या उच्चारासाठी आज आपण मान खाली घालतो, ते फ्रेंच एका हरभऱ्याच्या उच्चारापायी मेले! आणि १९३७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो याच्या सैनिकांनी हजारो हैतियन मजूर कापून काढले. त्या हत्याकांडाचे नाव 'पार्स्लीची कत्तल' असे पडले आहे. पार्स्ली म्हणजे आपल्या कोथिंबिरीसारखी एक पालेभाजी. स्पॅनिशमध्ये तिला 'पेरेहिल' म्हणतात. तिची जुडी दाखवून नाव विचारावयाचे, आणि ज्याला तो स्पॅनिश 'र' जमणार नाही तो हैतियन, असे ओळखावयाचे, अशी त्या कत्तलीची कथा सांगतात.

कणीस, हरभरा आणि कोथिंबिरीची बहीण. तिन्ही वेळा खाण्याच्याच वस्तूचे नाव. हे आश्चर्य नव्हे. अन्नाचे नाव माणूस आईच्या मांडीवर शिकतो. म्हणून परका ओळखण्याची ती सर्वांत सोपी कसोटी असते. आजच्या उपाहारगृहात कोणी कोणाची मान कापत नाही हे मला ठाऊक आहे. तेथे फक्त हसतात. पण हसणे हे त्याच झाडाचे लहान रोपटे आहे.

त्या हसण्याने काय होते ते सांगतो. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी हॉटेलच्या धंद्याचे शिक्षण घ्यायला शहरात गेली. हाताला चव असलेली मुलगी. कणकेला नुसते बोट लावून पाणी कमी की जास्त ते सांगत असे. तेथे पहिल्याच आठवड्यात तिला मेनूकार्ड वाचावयास उभे केले. तिने जशी अक्षरे होती तशी वाचली. वर्ग हसला, शिकवणारेही हसले. वस्तुतः तिने काय चुकीचे केले होते? आमच्या लिपीत जे लिहिलेले असते ते वाचतात. अक्षर गिळण्याची चाल देवनागरीत नाही. ज्या लिपीने तिला दहा वर्षे प्रामाणिकपणा शिकवला, त्या प्रामाणिकपणाने तिने 'क्रॉइसंट' वाचले. त्या दिवसानंतर तिने वर्गात तोंड उघडले नाही आणि वर्ष संपताच ती परत आली. आज ती तालुक्याच्या गावी पोळीभाजीचे केंद्र चालवते आणि ते झकास चालते. त्याचे मला दुःख नाही. दुःख एवढेच की, 'मला तिकडचे येत नव्हते,' असे ती अजून म्हणते. तिला न येण्यासारखे तेथे काहीच नव्हते. एक 'त' गाळायचा होता. तो कसा गाळतात हे हसण्याऐवजी सांगितले असते तर अर्धे मिनिट लागले असते.

विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मात्र मला खरे वाटते, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ते म्हणतात, 'मास्तर, ज्याला त्या धंद्यात राहायचे आहे त्याने उच्चार शिकायला नकोत काय? आणि परक्याच्या पदार्थाचे नाव नीट घेणे ही सभ्यता नव्हे काय?' शिकायला हवेत, जरूर हवेत. फ्रान्समध्ये गेलात तर फ्रेंचांसारखे बोलण्याची खटपट करा. ती पाहुण्याची रीत आहे. वेटरला गिऱ्हाइकाचे चारही उच्चार ओळखता आले पाहिजेत. तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. माणसाचे नाव तर त्या माणसाला जसे आवडते तसेच घेतले पाहिजे, कारण नावाला तेथे मालक असतो. पण पदार्थाच्या नावाला मालक नसतो. मराठीत बोलताना मराठी जीभ जो आकार देईल तो त्याचा मराठी आकार. माहिती असणे वेगळे आणि लाज असणे वेगळे. माझे भांडण माहितीशी नाही, लाजेशी आहे.

'मग आमच्या पुरणपोळीला कोणी पूरन पोली म्हटले तर चालेल काय?' चालेल. 'ळ' ज्याच्या भाषेत नाही त्याने 'ल' म्हणावे आणि पोळीवर तुपाची धार घेऊन खावी. इंग्रजाने खिचडीची 'केजरी' केली, तमिळ मिळगुतण्णीचे 'मलिगटॉनी' केले, आमच्या बोंबलाचा 'बमलो' केला. या शब्दांना आपल्या भाषेत घर मिळाले म्हणून १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा जाडजूड कोश निघाला. त्या इंग्रजाने हे शब्द उच्चारताना मान खाली घातली नाही. आम्हीही घालू नये. हाच न्याय दोघांना.

आता घरच्यांशी दोन शब्द. इथवर वाचून आमचे मराठीचे अभिमानी खूश झाले असतील. इंग्रजाळलेल्यांची चांगली जिरवली, असे त्यांना वाटत असेल. त्यांनी जरा थांबावे. 'क्रोसाँ'वरून हसणाऱ्याला नावे ठेवणारे हेच गृहस्थ 'पानी', 'लोनी', 'आनी' म्हणणाऱ्या पोराला उभे करून वर्गाकडून हशा वसूल करतात. लोणी काढणारीचा मुलगा 'लोनी' म्हणतो, आणि बाजारातून डबा आणणारा त्याला सांगतो की तुझे लोणी अशुद्ध आहे! आमच्या धंद्यात अशी माणसे पुष्कळ आहेत. ती वाईट नाहीत. त्यांना वाटते की आपण भाषेची सेवा करतो आहोत. पण मुलाच्या मनात शिरते ते वेगळेच. माझ्या घरी बोलतात ते हसण्यासारखे आहे, एवढेच त्याला कळते. तोच मुलगा मोठा होऊन उपाहारगृहात मेनूकार्डापुढे घाबरतो, आणि नावाऐवजी बोट दाखवून पदार्थ मागतो. 'क्रोसाँ'ची लाज त्याला फ्रान्सने शिकवली नाही. ती त्याला लोण्याच्या तासाला शिकवली गेली. लेखी मराठीत 'ण' कोठे येतो हे जरूर शिकवावे. ते न हसता शिकवता येते.

काय करता येईल ते अगदी साधे आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम २०२२ साली लहान दुकानांनाही लागू झाला, आणि पाट्या बऱ्याच ठिकाणी बदलल्या. पण बाहेर देवनागरी पाटी आणि आत मेनूकार्ड निव्वळ इंग्रजी, ही कसली मराठी? मेनूकार्डावर पदार्थाचे नाव देवनागरीत छापा. इंग्रजी 'कॅट'साठी आणि 'कॉफी'साठी आमच्या लिपीने ॲ आणि ऑ घडवले. 'क्रोसाँ'साठी तिला काही नवे करावेही लागत नाही. चंद्रबिंदू आहे, 'च' आहे, 'न्य' आहे. आणि नावाखाली एका ओळीत तो पदार्थ कशाचा आहे ते लिहा. पुष्कळांचा खरा प्रश्न उच्चाराचा नसतोच. त्यात मांस आहे की नाही, तो गोड आहे की तिखट, आणि एवढ्या पैशांत पोट भरेल की नाही, हे त्यांना विचारायचे असते, आणि नाव चुकेल या भीतीने ते विचारतच नाहीत. शाळेत मुलाने 'क्रॉइसंट' वाचले तर 'ते लोक क्रोसाँ म्हणतात' असे सांगावे आणि पुढच्या ओळीवर जावे. पाव कोठून आला, बटाटा कोठून आला, तेही त्याच तासाला सांगावे. ज्या मुलाला आपल्या आजीचा बटाटा कॅरिबियन बेटांवरून नाव घेऊन आला हे ठाऊक आहे, ते मूल कोणत्याही मेनूकार्डाला भिणार नाही.

आणि ज्यांना एवढ्यावरही दुसऱ्याचा उच्चार सुधारल्यावाचून चैन पडणार नाही, त्यांनी प्रथम समोरच्याच्या ताटात काहीतरी वाढावे. उपाशी माणसाचा 'त' मोजू नये.